बकुळेचं बीपी

सखे,

नवरात्र बसलं. दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागलेत, जिना चढताना कुणाच्या ना कुणाच्या घरची आरती कानावर पडते, आणि आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाची मीटिंग नेहमीप्रमाणे चहापर्यंत पोचून तिथेच विरली. तू विचारलं होतंस, घरात सगळ्यांच्या तब्येती काय म्हणतात. तर ऐक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण खालचा गरबा बघायला खुर्ची ओढून खिडकीशी बसायचं काही ती सोडत नाही. लेकीच्या परीक्षा संपल्या. आणि बकुळेचं बीपी आता ताब्यात आहे.

थांब, हसू नकोस. तू हसणार हे मला इथे बसून दिसतंय. बकुळा, तुझीच बकुळा. तुमच्या जुन्या घरामागच्या बकुळीखाली भिजून थरथरत बसलेलं ते मूठभर पिल्लू तू ओढणीत गुंडाळून आमच्या दारात आणलंस, "दोनच दिवस ठेव गं" म्हणालीस आणि लंडनला निघून गेलीस. ते 'दोनच दिवस' आता तेरा वर्षांचे झालेत. तेव्हा तिच्या प्रकृतीचा सविस्तर वृत्तान्त ऐकणं तुझं कर्तव्य आहे, कंटाळा आला तरी.

खरं तर हे सगळं सुरू झालं चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या गोट्यामुळे. गोट्या तुला आठवेल, तो पांढरा, एका कानावर काळा ठिपका असलेला, जिन्यात मधोमध झोपून सगळ्या बिल्डिंगला ओलांडून जायला लावणारा. पंधरा वर्षांचा झाला होता. उन्हाळ्यात काकू एक दिवस कौतुकाने मोबाईल घेऊन आल्या, "बघ, गोट्याचे डोळे किती टपोरे दिसतायत!" फोटो सुंदरच होता. भर दुपारच्या उजेडात डोळे पूर्ण काळेभोर, बाहुल्या काठोकाठ पसरलेल्या. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. दोन दिवसांनी तो जिन्यातून खाली येताना मी पाहिला. भिंतीला अंग घासत, एकेक पायरी पंजाने चाचपत येत होता. शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी असेल असं समजून त्याने पाय हवेत धरला आणि तो तसाच उभा राहिला. तुला सांगते, माझ्या पोटात कसंतरीच झालं.

रक्तदाब दोनशेच्या वर निघाला. डोळ्याच्या मागचा पडदा, रेटिना गं, दोन्ही डोळ्यांत सुटला होता. भिंतीत ओल मुरली की रंगाचा पापुद्रा फुगून सुटतो ना, तसाच. दाब वाढला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, पडद्यामागे साचतं आणि पडदा उचलला जातो. औषध लगेच सुरू झालं, पडदा बराचसा जागेवर बसलाही, पण नजर काही आली नाही. लवकर सापडलं तर काही मांजरांना पुन्हा थोडंफार दिसू लागतं, पण वेळ फार थोडा असतो. गोट्या आता आंधळेपणाला सरावलाय. जिन्यात तसाच मधोमध झोपतो आणि आम्ही तसेच ओलांडून जातो. पण काकू अजून तो फोटो काढून बघतात आणि गप्प होतात.

त्या रात्री बकुळा माझ्या उशाशी झोपली होती. तिच्या डोळ्यांवर मी टॉर्चचा उजेड पाडला. बाहुल्या चटकन बारीक झाल्या आणि तिने मला असा काही तुच्छ कटाक्ष टाकला म्हणून सांगू! शाळेत तुझी वही मागितली की तू टाकायचीस तो कटाक्ष. तिच्यात कुठलीही तक्रार दिसत नव्हती. खात होती, पीत होती, कपाटावर चढत होती. हां, रात्री स्वयंपाकघरात जाऊन मोठमोठ्याने ओरडायची एवढंच, आणि आई म्हणायची म्हातारपणी माणसं बडबडतात तशी ही बडबडते. तरी दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला आणि आधी एवढंच विचारलं, की मांजराचं बीपी मोजायचं यंत्र तुमच्याकडे आहे का. सगळ्या दवाखान्यांत ते नसतं, म्हणून विचारूनच जावं.

रिक्षावाल्याला टोपलीतला आवाज ऐकू आला. "काय झालंय हो तिला?" मी म्हटलं, बीपी बघायचंय. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग टोपलीकडे पाहिलं आणि मनापासून विचारलं, "मांजराला कसलं टेन्शन?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हाच प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला. तर टेन्शनचा काही संबंध नाही म्हणे. माणसांत बहुतेकांचं बीपी का वाढतं त्याचं एक असं कारण हाती लागत नाही. मांजरांत आणि कुत्र्यांत बहुतेकदा त्यामागे दुसरं दुखणं लपलेलं असतं. म्हाताऱ्या मांजरांत पहिला संशय मूत्रपिंडांवर, दुसरा थायरॉईडवर. आपल्या बायकांचं थायरॉईड बहुधा मंदावतं, यांचं उलट, भरमसाट चालू लागतं. मांजर खातं पुष्कळ आणि तरी वाळत जातं. कुत्र्यांत मूत्रपिंडं, मधुमेह, किंवा कुशिंग नावाचा ग्रंथींचा आजार. काही मांजरांत मात्र कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही, नुसतं बीपीच वाढलेलं असतं.

आणि अगं, हे कळणार कसं? तुझ्या-माझ्यासारखं डोकं धरून बसता येत नाही त्यांना. डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं, या चार ठिकाणी दाब मुकाट्याने नासधूस करत राहतो. हृदयाची भिंत जाड होते. मूत्रपिंडं बिघडली म्हणून दाब वाढतो आणि दाब वाढला म्हणून मूत्रपिंडं आणखी बिघडतात. आपल्याला पहिल्यांदा दिसतं ते एकदम आंधळं झालेलं जनावर, नाहीतर झटका आलेलं. म्हणजे सगळं छान दिसत असतानाच मोजायला हवं. मला हे इतकं पटलं की त्या दिवसापासून भेटेल त्याला हे सांगत सुटलेय. लेक म्हणते, आईला लग्नात नेऊ नका, पंगतीत मांजरांची वयं विचारते.

आता मोजायचं कसं, ती गंमत ऐक. माझी समजूत होती की टेबलावर उभं करायचं, पट्टा बांधायचा, दोन मिनिटांत मोकळं. डॉक्टरीणबाईंनी तसलं काहीच केलं नाही. आम्हाला आतल्या छोट्या खोलीत बसवलं, दार लावलं, टोपलीचं झाकण काढलं आणि म्हणाल्या, "आता दहा मिनिटं काही करायचं नाही." त्या स्वतः खाली सतरंजीवर बसल्या. पंखा फिरत होता. बाहेर कुठेतरी एक पामेरियन भुंकत होता, त्याला मदतनीस मुलगा दूर घेऊन गेला. बकुळेने आधी खोलीचे चारही कोपरे हुंगले, वजनकाट्यावर बसून बघितलं, मग परत टोपलीत जाऊन अंगाचं मुटकुळं केलं. एवढी शांतता मला स्वतःला कुठल्या दवाखान्यात मिळालेली नाही.

मग टेपने तिच्या पुढच्या पायाचा घेर मोजला. पट्ट्याची रुंदी त्या घेराच्या तीस ते चाळीस टक्के हवी. पट्टा अरुंद असला तर आकडा खोटा वाढतो, रुंद असला तर खोटा उतरतो. बकुळेला बसला तो पट्टा लहान बाळाच्या मनगटाला होईल एवढाच. पंजाच्या गादीमागचे चार केस कापले, जेल लावलं आणि पेन्सिलीच्या टोकाएवढं एक बटण तिथे धरलं. त्याला डॉप्लर म्हणतात. डॉक्टरीणबाईंच्या कानात हेडफोन, कारण त्या यंत्राचा आवाज मोठा असतो आणि मांजरं त्याने दचकतात. एक कान त्यांनी मला दिला. तुला सांगते, बकुळेच्या रक्ताचा आवाज मी ऐकला! शूऽप शूऽप शूऽप, भरभर, दम न खाता. फुगा दाबून पट्टा फुगवला की आवाज बंद. मग अगदी हळूहळू हवा सोडायची, आणि जिथे पहिला शूऽप परत ऐकू येतो तो वरचा दाब. मांजराच्या बाबतीत सगळं लक्ष या वरच्या आकड्यावरच असतं.

पहिला आकडा आला 188. माझा चेहरा पडला. त्या शांतपणे म्हणाल्या, "हा टाकून द्यायचा." पहिला आकडा धरायचाच नाही, तो नवलाईचा असतो. मग एकामागून एक पाच घेतले: 178, 176, 174, 176, 176. सगळे एकमेकांच्या जवळ येईपर्यंत थांबायचं, कधी सात घ्यावे लागतात, आणि मग त्यांची सरासरी. आमची आली 176. कुठल्या पायावर, कुठल्या मापाचा पट्टा, मांजर बसलं होतं की आडवं होतं, हे सगळं त्यांनी बकुळेच्या कागदावर लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या वेळी जसंच्या तसं करता येईल.

आकड्यांचा हिशेब तुझ्या वहीत लिहून ठेव. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या एका मोठ्या संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरिनरी इंटर्नल मेडिसिनने, 2018 मध्ये तो ठरवून दिलाय, कुत्र्यांना आणि मांजरांना एकच. वरचा दाब 140 च्या खाली असला तर निर्धास्त. 140 ते 159 असला तर नजर ठेवायची. 160 ते 179 म्हणजे दाब वाढलेला. 180 आणि त्यापुढे म्हणजे डोळे, मेंदू कधीही तडाख्यात सापडतील असा. आपल्या 120 आणि 80 ची फूटपट्टी त्यांना लावायची नाही.

मला वाटलं, 176 म्हणजे लगेच गोळी. तर तेही नाही! आधी खोलीत अंधार केला, डोळ्यांत उजेड टाकून मागचा पडदा तपासला. तो शाबूत होता, बाई. कुठे रक्ताचा ठिपकाही नव्हता. म्हणाल्या, डोळ्यात इजा दिसली असती तर आजच औषध सुरू केलं असतं. दिसत नाही, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजू. घाबरलेल्या जनावराचा दाब खरोखरच वर जातो आणि घरी गेल्यावर उतरतो. अशा जनावराला उगाच जन्मभर गोळ्या चालू करणं हाही अन्यायच. हे ऐकून माझा त्यांच्यावर जो विश्वास बसला तो बसला. घाईने मोजलेला आकडा न मोजल्याहून वाईट, असं त्यांचं म्हणणं, आणि मी त्यावर सही करायला तयार आहे.

दुसऱ्या वेळीही 172 आला. रक्त तपासलं, लघवी तपासली. थायरॉईड ठीक, क्रिएटिनिन थोडं चढलेलं. म्हणजे मूत्रपिंडं थकू लागलीत. मी घरी येऊन थोडी रडले, तुझ्यापासून काय लपवायचं. मग आईने चहा केला आणि विचारलं, "औषध काय दिलंय?" चिठ्ठी वाचली आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, हे तर माझंच!"

खरंच तिचंच. ॲम्लोडिपीन. मांजरांच्या वाढलेल्या दाबावर पहिलं औषध हेच देतात. टेल्मिसार्टन नावाचं दुसरंही आहे. आई लगेच डबी घेऊन आली, माझ्यातलीच अर्धी देऊया म्हणून. तिला आवरावं लागलं. आईची गोळी पाच मिलिग्रॅमची, बकुळेला सुरुवातीला लागतं सव्वासहाशे मायक्रोग्रॅम, म्हणजे अडीचच्या गोळीचा चौथा हिस्सा. आईची अर्धी दिली असती तर चौपट झाली असती. औषधाचं नाव एक असलं तरी माप डॉक्टरांनीच ठरवायचं, हे मी आईला जेवढ्या ठासून सांगितलं तेवढंच तुलाही सांगते, कारण घरातल्या औषधांच्या डब्याबाबत तू आणि आई एकाच पंथाच्या.

खालच्या मेडिकलमध्ये तर निराळंच नाटक. चिठ्ठीवर पेशंटचं नाव बकुळा, वय 13, लिंग स्त्री. दुकानातल्या नव्या मुलाने कॉम्प्युटरवर नाव घातलं, वय घातलं आणि थांबला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, एवढ्या लहान मुलीला बीपी? अभ्यासाचं टेन्शन आहे का?" इतक्या काळजीने विचारलं बिचाऱ्याने की मला त्याचं कौतुकच वाटलं. मांजर आहे म्हटल्यावर तो इतका मोकळा हसला की मागच्या रांगेतले आजोबाही हसू लागले. आता मी गेले की तो आधी बकुळेची खुशाली विचारतो, मग माझी.

गोळी कापायचं काम माझ्या नवऱ्याने मागून घेतलं. रविवारी सकाळी टेबलावर पांढरा कागद, गोळी कापायची छोटी डबी, नाकावर चष्मा. त्या वेळी कुणी पंखा लावायचा नाही, कुणी मोठ्याने बोलायचं नाही. एखाद्या पाव तुकड्याची भुकटी झाली तर ती बाजूला. अख्ख्या आठवड्याचे पाव तुकडे तो एका रिकाम्या कुंकवाच्या करंड्यात भरतो. मी रोज सकाळी एक तुकडा उकडलेल्या चिकनमध्ये दडवते आणि बकुळा तेवढं चिकन खाऊन गोळी स्वच्छ चाटूनपुसून ताटलीच्या काठावर ठेवते. मग दुसरा तुकडा, दुसरं चिकन. शेवटी जाते पोटात.

आईने आपल्या परीने पथ्यही सुरू केलं. "आजपासून हिचं मीठ बंद!" आता मांजराच्या जेवणात मीठ कोण घालतं? पण आई मालवणची, खारा बांगडा भाजला की एक तुकडा गुपचूप बकुळेपुढे सरकायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. ते आपणहून बाहेर पडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं मीठ कमी करून हिचा दाब उतरणार नाही, पण खारवलेलं काही नकोच. तेव्हापासून बांगडा भाजायचा बेत असला की आई बकुळेला माझ्या खोलीत ठेवून दार लावते आणि दाराबाहेरून तिची समजूत काढते. "मलाही नाही गं खायला मिळत फारसं," असं म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं.

आठवड्याभराने पुन्हा मोजलं तर सरासरी 148. अजून थोडा उतरला तर उत्तम, पण 160 च्या खाली आला हे मोठं काम झालं. आणि 120 च्याही खाली जाऊन ती मलूल होऊ नये, याकडेही लक्ष ठेवायचं. आता दर तीन महिन्यांनी फेरी. आणि एक सांगू? तिचं रात्रीचं ओरडणं थांबलं. सगळं ओरडणं बीपीचंच असतं असं नाही, म्हाताऱ्या मांजरांना ऐकू कमी येतं, कधी दिशाही समजेनाशी होते. पण आमची बकुळा शांत झोपू लागली. म्हातारपणाच्या नावावर आपण काय काय खपवतो गं, याचा मी तेव्हापासून विचार करतेय.

आपण लहानपणी परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या भिंतीवरून डोकावायचो, आठवतं? दिनशॉ पेटिटांनी 1880 च्या दशकात पत्नीच्या, साकरबाईंच्या, नावाने उभं केलेलं. गाडीचे बैल, घोडे, कामाची जनावरं तिथे यायची. तेव्हा कामाचं जनावर इतकं म्हातारं व्हायला घरात राहायचंच कुठे? आता आपली कुत्री-मांजरं पलंगावर झोपतात, लस घेतात, पंधरा पंधरा वर्षं जगतात, म्हणून म्हातारपणाची दुखणीही आपल्या पलंगापर्यंत आली. आपण त्यांना एवढं जगवलंय तर हेही आपणच बघायचं.

आणि तुझ्या गल्लीतली एक गोष्ट मला इथे बसून कळली, तुला नसणार ठाऊक. तू रविवारी नदीकाठाने टेडिंग्टनपर्यंत चालत जातेस ना? तिथल्या चर्चच्या मनोऱ्याखाली स्टीफन हेल्स नावाचा पाद्री पुरलेला आहे. रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो त्याने, आणि माणसाचा नाही, घोडीचा! चौदा वर्षांची म्हातारी घोडी. तिला जिवंतपणी उताणी बांधून मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, वर काचेची उंच नळी जोडली, आणि रक्त आठ फूट तीन इंच चढलं. 1733 च्या पुस्तकात त्याने हे सगळं लिहून ठेवलंय. आजच्या मापात तो आकडा 190 च्या घरात जातो. मी हिशेब केला आणि मला त्या घोडीचं फार वाईट वाटलं. बांधलेली, घाबरलेली, तिचा दाब दुसरा काय येणार? आमच्या डॉक्टरीणबाई सतरंजीवर बसून दहा मिनिटं नुसती वाट बघतात, त्याची किंमत मला ती गोष्ट वाचून जास्त कळली. पुढच्या रविवारी तिथे गेलीस तर एक फूल ठेव. पाद्र्यासाठी नको, घोडीसाठी.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं पुराण. पिंट्या.

शाळेच्या शर्यतीत दरवर्षी शेवटून पहिली येणाऱ्या बाईने शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड घरी आणावा, त्याच्या कानात गोंदवलेल्या नंबराचा फोटो मला पाठवावा आणि त्या इंग्रजी राजबिंड्याचं नाव पिंट्या ठेवावं, हे फक्त तूच करू जाणे. पण तुझा पिंट्या दहा वर्षांचा झाला, बाई. मागच्या पत्रात तू लिहिलंस, हल्ली पाणी जरा जास्त पितो, बाकी दिवसभर सोफ्यावर, वय झालं आता. 'वय झालं' हे वाक्य मी खोडलं. पाणी जास्त पिणं हे मूत्रपिंडांचं असू शकतं, मधुमेहाचं असू शकतं, कुशिंगचं असू शकतं, आणि तिन्हींच्या मागोमाग बीपी येतं. मांजरांसाठी तुमच्याकडच्याच मंडळींनी, इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिनने, 2017 मध्ये सांगून ठेवलंय की सात वर्षांनंतर वर्षातून एकदा तरी मोजा, अकरानंतर सहा ते बारा महिन्यांनी. कुत्र्यांबाबतही नऊ वर्षांनंतर दरवर्षी मोजणं शहाणपणाचं मानतात. पिंट्या दोन्ही बाजूंनी यादीत बसतो.

फक्त त्याच्या बाबतीत एक खुबी आहे, ती ध्यानात ठेव. ग्रेहाउंडांचा दाब मुळातच इतर कुत्र्यांपेक्षा दहावीस आकड्यांनी वर असतो. त्यात ही जात दवाखान्यात फार बावरते, तिथे आकडा आणखी चढतो आणि घरी मोजला तर बराच कमी भरतो. क्रिएटिनिनसुद्धा त्यांच्या स्नायूंमुळे जरा जास्तच असतं. तेव्हा 150 च्या पुढचा एखादा आकडा ऐकून घाबरू नकोस आणि डॉक्टरांनाही घाई करू देऊ नकोस. त्याची ती गोधडी बरोबर ने, आईने पाठवलेली, जिच्यावर तो तुला बसू देत नाही. ती जमिनीवर अंथर, त्याला कुशीवर झोपू दे, तू डोक्याशी बस. पट्टा पुढच्या पायाला नाही जमला तर शेपटीलाही बांधतात. डॉक्टरांना सांग, आधी दहा मिनिटं काही करायचं नाही. पहिल्यांदा विचित्र वाटेल, मग तेच खूश होतील.

आणि हे 5 नोव्हेंबरच्या आधी कर. तुमच्याकडे गाय फॉक्सचे फटाके सुरू झाले की पिंट्या बाथटबमध्ये जाऊन बसतो, आणि त्या आठवड्यात घेतलेला आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. आमच्याकडेही दिवाळी येतेय, म्हणून बकुळेची फेरी मी आधीच उरकून घेतेय. पाणी किती पितो तेही एक दिवस मोजून ठेव, भांड्यात मापाने ओत आणि संध्याकाळी उरलेलं बघ. लघवीचा नमुना सकाळचा ने. डोळ्यांच्या मागचा पडदा तपासायला सांगायला विसरू नकोस.

फोन उद्याच कर, चहा प्यायच्या आधी. आणि मला आकडा लिहून पाठव. सरासरी पाठव, पहिला आकडा नको.

तुझीच